अंधारातला डहाळा

अर्धवट शिकलेलं माणूस घरात असू नये, असं मी म्हटलं की लोक हसतात. हसा बापडे. मी काय भोगलंय ते मला माहीत.

मी बारावी सायन्स. पंच्याण्णव साली येडगावजवळच्या आमच्या वस्तीवर एवढी शिकलेली सून एकच, आणि ती मी, इंद्रायणी. माझे सासरे भिमाजी, त्यांना मी मामा म्हणायचे. त्यांना माझ्या शिक्षणाचा कोण अभिमान. मला मुलगी झाली तेव्हा पेढे वाटताना आधी ‘सून सायन्सची हाय’ हे सांगायचे आणि मग नातीचं नाव. माझी सासू कुशाबाई, म्हणजे आमच्या आत्या, त्यावर म्हणायच्या, “सायन्सची असू दे न्हाईतर सोन्याची, भाकरी गोल यायला पायजे.” पण त्यासुद्धा मनातून खूश होत्या.

एकदा बांधावर बसलो असताना मी मामांना सांगितलं, ऊस काही मातीतून गोड होत नाही, तो हवेतून गोड होतो. पानाला बारीक छिद्रं असतात. त्यांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जातो, मुळं पाणी वर पाठवतात, आणि उन्हाच्या जोरावर पान त्या दोन्हींची साखर करतं. ती कांड्यात साठते. उरलेला ऑक्सिजन पान बाहेर सोडतं. मामांनी उसाचं एक पान हातात घेऊन उलटंपालटं केलं.

“म्हंजी आमी जल्मभर हवाच पिळली म्हन की,” ते म्हणाले.

त्यानंतर गुऱ्हाळावर कुणी आलं की तळहातावर गुळाचा खडा ठेवायचे आणि सांगायचे, “घ्या पावणं, हवा खा.” मग माझ्याकडून सगळं परत वदवून घ्यायचे. मी सांगितलेलं सगळं खरं होतं. उन्हाचंसुद्धा मीच सांगितलं होतं, हे विसरू नका.

त्या मे महिन्यात कॅनॉलचं पाणी बंद झालं. कॅनॉल आल्यापासून आमच्या जुन्या विहिरीकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. दहा वर्षांचं पाचट तळाशी कुजलेलं. आता तिचा गाळ काढायचा ठरला. आमचे हे, सुदर्शन, गाळ उचलायची यारी ठरवायला जुन्नरला गेले. जाण्याआधी त्यांनी विहिरीत कंदील सोडून बघितला. निम्म्यातच विझला.

कंदील विझला की खाली कोंडलेली हवा आहे, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्यावरचा उपायही ठरलेला. लिंबाचा मोठा हिरवा डहाळा दोराला बांधायचा आणि विहिरीत वरखाली हाणत राहायचं, शंभरदा, दोनशेदा. मग पुन्हा कंदील सोडायचा. तो जळत राहिला तरच माणसानं उतरायचं. पण मामांचा खांदा दुखत होता. संध्याकाळी दोर धरून ते दहा-बारा वेळा हाणत नाहीत तोच धापा टाकायला लागले. मला बघवेना.

आणि मी बोलले.

“मामा, हाणायची काय गरज? तो गॅस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. पानांचं खाणंच ते. रात्रभर डहाळा आत टांगून ठेवा, सकाळपर्यंत पानं सगळा गॅस पिऊन टाकतील.”

आत्या म्हणाल्या, “आमी आजवर हाणूनच उतरलो.”

“तुझं आजवर ऱ्हाऊ दे. तिनं बुकात वाचलंय,” मामा म्हणाले आणि दोर खुंट्याला बांधून मोकळे झाले.

सकाळी आत्यांनी कंदील पेटवायला घेतला, तर तोही मी बाजूला ठेवायला लावला. कंदील जळताना हाच गॅस सोडतो, पानांनी साफ केलेली हवा परत कशाला घाण करता, असं म्हणाले. अशी मी हुशार. आत्यांनी काठावर हळद-कुंकू वाहिलं. विहिरीतल्या साती आसरांची ओटी भरायला घरात खण-नारळ नव्हता. “दुपारी भरते,” म्हणाल्या. मामा तेवढ्यात गाळ किती आहे बघायला उतरले.

दगडी पायऱ्यांनी ते तळाशी गेले. डहाळा त्यांच्या डोक्यावर लटकत होता, टवटवीत. त्यांनी वर बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि खालीच बसले. मग कुशीवर झाले. मला वाटलं, घसरले.

मी तीन पायऱ्या उतरले असेन. माझी हाक ऐकून जानकू धनगर धावत आला. त्याची मेंढरं आमच्या पडीक रानात बसवलेली होती. त्यानं मला दंडाला धरून ओढून काठावर टाकलं, डहाळ्याचा दोर सोडला आणि हाणायला लागला. मी ओरडत होते, उतर की रे, उतर. तो ऐकेना. त्यानं कंदील सोडला, तो विझला. परत हाणलं. दुसऱ्यांदा कंदील तळाशी जळत राहिला, तेव्हा तो उतरला आणि मामांच्या काखेतून दोर घातला. वर घेतलं तेव्हा त्यांच्यात काही राहिलं नव्हतं.

“डहाळा हाणला न्हाई व्हय?” जानकूनं विचारलं.

“पानांनी खाल्ला व्हता की रं गॅस,” आत्या म्हणाल्या. “इंद्रायणीनं सगळं केलं व्हतं. माझीच वटी ऱ्हायली.”

मी तिथंच बसले होते, आणि मला सगळं कळलं. डहाळा काही खात नाही. तो पंख्यासारखा आहे, खालची हवा वर काढतो आणि वरची खाली ढकलतो. विहिरीच्या तळाशी, रात्री, ऊन कुठलं? उन्हाशिवाय पान साखर करत नाही. अंधारात ते आपल्यासारखंच नुसता श्वास घेतं, म्हणजे तोच गॅस सोडतं. हे मी परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं. एका डहाळ्यानं कितीसा गॅस सोडला असेल? पण त्यानं काही खाल्लंही नव्हतं. मामा गेले ते माझ्या शब्दामुळं.

मी बोलले नाही. भ्याले, दुसरं काही कारण नाही. दहाव्याला आत्यांनी पिंडासमोर हात जोडून गोड सोडलं. साखर नाही, गूळ नाही, पुरणाची पोळी नाही. उसाच्या रानात राहून ती बाई अकरा वर्षं बिनसाखरेचा चहा प्यायली. भेटायला येईल त्याला सांगायची, आसरांची ओटी मी चुकवली म्हणून माझा धनी गेला. मी शेजारी उभी राहून ऐकायचे आणि चहा गाळायचे.

दोन हजार सहा साली आमची संस्कृती सहावीत होती. ओट्यावर बसून मोठ्यानं धडा वाचत होती. हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानं आपलं अन्न तयार करतात. आत्या शेंगा फोडत होत्या. त्यांचे हात थांबले.

“आन ऊन नसंल तर गं, पोरी?”

“मग नाही तयार होत, आजी. म्हणून तर रात्री ती कार्बन डायऑक्साइड गॅस घेत नाहीत, सोडतात.”

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. पाहुण्या बाईकडं बघावं तसं.

“तुला ह्ये ठाव व्हतं?”

नाही म्हणता आलं असतं. अजून वाटतं कधी कधी, म्हणायला हवं होतं.

“शिकले होते. त्या संध्याकाळी आठवलं नाही,” मी म्हणाले. “मामा वर आले तेव्हा आठवलं.”

“तवाच?”

“हो.”

त्या परत शेंगा फोडायला लागल्या. संस्कृतीनं पुढचा धडा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचा बिनसाखरेचा चहा पुढं ठेवला. त्यांनी तो मोरीत ओतला, स्वतः स्टो पेटवला, चहा केला, त्यात दोन चमचे साखर घातली आणि सगळा प्यायल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण त्या दिवसापासून माझ्या हातचं त्यांनी काही घेतलं नाही. भांडल्या नाहीत, कुणाला सांगितलं नाही, सुदर्शनलासुद्धा नाही. आपली भाकरी आपण थापायच्या, वाकडी का होईना. दोन वर्षं अशी काढली. शेवटी अंथरुणाला खिळल्या, घशाला कोरड पडली. मी वाटीत साखरेचं पाणी केलं आणि चमचा ओठांना लावला. त्यांनी तोंड फिरवलं.

“पोरीला देऊ दे,” त्या म्हणाल्या.

मी वाटी संस्कृतीच्या हातात दिली.