उलट्या वळणाचा वेल

साखरा गावात शितलच्या घरी मोरीचं पाणी जिथं परसात निघतं, तो कोपरा तिच्या मोठ्या मायचा. मोठी माय म्हणजे शकुबाई, वडलांची थोरली भावजय. भर उन्हाळ्यात साऱ्या परसाला भेगा पडल्या तरी त्या तीन हात जागेतली ओल हटत नसे. दरसाल जूनच्या उत्तरार्धात आर्द्रा नक्षत्र लागलं की शकुबाई तिथं वालाचं बी टोचायची, आणि दिवाळीनंतर तिच्या शेंगा अर्ध्या गल्लीत जायच्या. म्हणून फेब्रुवारीत सातवीतल्या शितलनं तो कोपरा मागितला, तेव्हा घरातले सगळे शकुबाईकडे बघू लागले.

"कशाला पायजे?" शकुबाईनं विचारलं.

शितलनं ओलं फडकं उलगडलं. आत बोटाएवढ्या तीन मुळ्या होत्या. तिचा देविदासमामा हिमाचलात, लाहौलच्या डोंगरात रस्त्याच्या कामावर होता. सुट्टीवर येताना त्यानं त्या तिथल्या एका शेतकऱ्याकडून मागून आणल्या होत्या.

"याला हॉप म्हणतात, अक्का," मामा म्हणाला. "थंड मुलखातला वेल. याच्या फुलांनी बिअरला कडूपणा येतो."

"म्हंजे दारूचं झाड. माळकऱ्याच्या परसात."

"दारू धान्याची होते. हे नुसतं कडू. कडुलिंब बी कडूच असतो की."

शकुबाईनं एक मुळी उचलून वास घेतला आणि परत ठेवली. "आर्द्रेपर्यंत जागा तुझी," ती शितलला म्हणाली. "तवर यानं दोरी धरली तर राहील. न्हाई धरली तर उपटून मी माझा वाल लावनार. मंग रडायचं न्हाई."

"न्हाई रडत."

मामा परत जाताना तीन गोष्टी सांगून गेला. पाणी बेतानं घालायचं. कोंब पुष्कळ फुटतात, त्यातले तीन राखून बाकीचे खुडायचे. आणि पहिल्या वर्षी फुलाची आस धरायची नाही. पहिलं साल मुळाचं, वर जे दिसतं त्याच्या दुप्पट काम खाली चाललेलं असतं.

पहिलीच गोष्ट शितलच्यानं पाळवली नाही. सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी घालून तिनं दोन मुळ्या कुजवल्या. तिसरीला विसाव्या दिवशी कोंब आले. मग मात्र ती शहाणी झाली. माती बोटानं उकरून बघायची, बोट कोरडं निघालं तरच पाणी. एप्रिलात ऊन पेटलं तेव्हा तिनं दोन काठ्यांवर गोणपाट बांधून सावली केली. पानांच्या कडा करपल्या, पण वेल तगला. शेजारची भिकाबाई कुपाटीच्या कुंपणावरून रोज एकदा डोकवायची.

"शकुबाई, भट्टी कवा लावून राहिली?"

"लावली की पयला घोट तुलाच," शकुबाई म्हणायची.

जूनच्या सुरुवातीला दोन सरी आल्या आणि चार दिवसांत वेल वीतभर वाढला. शितलनं पत्र्याच्या वाशापासून खुंटीपर्यंत काथ्याची दोरी ताणली आणि राखलेले तिन्ही शेंडे तिच्याभोवती गुंडाळले. वाल कसा गुंडाळायचा हे मोठ्या मायनं तिला ती चार वर्षांची असताना शिकवलं होतं. हात आपोआप वळायचा.

सकाळी बघते तर तिन्ही शेंडे सुटून बाजूला लोंबत होते.

तिनं पुन्हा गुंडाळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे सहा दिवस गेले. खरं म्हणजे शकुबाईच्या शर्तीला हे सोयीचंच होतं. पण लोंबता वेल तिला बघवेना. सातव्या संध्याकाळी तिनं स्वतः येऊन एक शेंडा दोरीभोवती फिरवला आणि सुटू नये म्हणून चिंधीनं आवळून बांधला. सकाळी तो शेंडा चिंधीजवळच मोडलेला होता.

"माझ्या हातून वेल मोडला, असं कवा झालं न्हाई," शकुबाई म्हणाली.

शितल तिच्याशी दिवसभर बोलली नाही. दोन शेंडे उरले होते आणि आर्द्रा चार दिवसांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शितलनं ठरवलं, आज वेलाला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. तिनं एक शेंडा मोकळा सोडला. त्याचं टोक जिकडे वळलं होतं तिकडे जमिनीवर एक खडा ठेवला. टोक गोठ्याकडे होतं, म्हणजे उगवतीकडे. भाकरी खाऊन आली तर टोक मोरीकडे सरकलं होतं, दक्षिणेला. दुसरा खडा. गुरांना पाणी पाजून आली, तर ते घराच्या दाराकडे, मावळतीला. तिसरा. दुपारपर्यंत खड्यांचं कडं पूर्ण झालं आणि टोक पुन्हा गोठ्याकडे आलं. वारा नव्हता. वेल आपणहून फिरत होता, काहीतरी धरायला हात फिरवावा तसा.

आणि ती गुंडाळायची ते नेमकं याच्या उलट.

ती धावत चुलीपाशी गेली. "मोठी माय, वेल उलटा फिरतो."

"वेल कधी उलटा फिरतो व्हय? साऱ्या जल्मात मी एकाच बाजूनं वाल चढिवला."

"वाल तसाच चढतो. हा दुसरीकडून. चल, दाखवते."

शकुबाई पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आली. शितलनं आधी तिला कुपाटीच्या मेढीपाशी नेलं. गेल्या सालचा वाळलेला वाल अजून मेढीला कवटाळून होता. शकुबाईनं त्यावर बोट ठेवून खालपासून वरपर्यंत फिरवलं. मग ती खड्यांपाशी आली. शितल एकेक खडा दाखवत गेली. गोठा, मोरी, दार. शकुबाई खाली बसली आणि शेंड्याकडे बघत राहिली. चुलीवरची भाकर करपल्याचा वास आला तरी उठली नाही. टोक आणखी बोटभर सरकलं तेव्हाच ती बोलली.

"मारुतीच्या पाराला फेरा घालताव, तसा जातो ह्यो."

"व्हय. घड्याळाच्या काट्यासारखा."

"चाळीस वर्सं वेल लावले. आन् वाल पाराच्या उलटा जातो, हे आज कळलं." तिनं हात पदराला पुसले. "घे, तूच चढीव. माझा हात सवयीचा, परत मोडंल."

शितलनं दोन्ही शेंडे दोरीभोवती एकेकच फेरा दिला, गोठ्याकडून मोरीकडे. खोडाच्या बारीक काट्यांनी मनगटावर लाल ओरखडे उठले. चिंधी बांधली नाही.

सकाळी ते तिथंच होते. एकानं रात्रीतून स्वतःचा अर्धा फेरा आणखी मारला होता.

आर्द्रेच्या दिवशी वेल शितलच्या कमरेपर्यंत आला होता. शकुबाई मुठीत वालाचं बी घेऊन परसात आली. शितल वेलाच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"सरक. उपटत न्हाई," शकुबाई म्हणाली. "दोरी धरायची शर्त होती, ती त्यानं धरली. पर दिवाळीनंतर शेंगा न्हाई म्हणून भिकाबाईला काय सांगू?"

शितलनं जागेकडे बघितलं. तीन हात. मग तिनं वेलापासून हातभर अंतरावर, मोरीच्या बाजूला एक काटकी रोवली. "इथून पलीकडं तुझं. ओल तिकडंच जास्त हाये, अन् माझ्याला बेतानंच पाणी लागतं."

"आन् मुळात मुळं गुंतली म्हंजे? त्याचं पयलं साल मुळाचं म्हणला ना तुझा मामा? फोन लाव त्याला."

मामानं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. वालाशेजारी हॉप चालतो का, हे त्यालाही माहीत नव्हतं. तिकडे वाल कुणी लावतच नाही, म्हणाला.

"मंग बघू आपणच," शकुबाई म्हणाली आणि काटकीच्या पलीकडे बी टोचायला बसली. शितल वालासाठी दुसरी दोरी आणायला गेली.