ढेकळांना दिलेलं पाणी

राजुरीच्या शिवारात सकाळचं ऊन एकदम खाली उतरत नसे. आधी उसाचे शेंडे पिवळसर व्हायचे. मग विहिरीच्या काठावर टाकलेल्या दगडांच्या ढिगावर ते बराच वेळ रेंगाळायचं. आणि काहीच घडत नाही असं वाटत असतानाच बांधावरच्या गवताचं दव कधी नाहीसं झालं ते कळायचं नाही. मार्गशीर्षातल्या त्या सकाळी भरत ओट्यावर उभा राहून हे पाहत होता. पुण्यात संगणकापुढे काढलेल्या वर्षांत असं निवांत ऊन त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. निरोप घ्यायला तो गावी आला होता; पुढच्या आठवड्यात बायको शीला आणि लेक आरोही यांना घेऊन नव्या नोकरीवर कॅनडाला निघणार होता. ऊन सरकत सरकत त्यांच्या पडीक तुकड्यावर आलं, आणि तिथे ते अचानक चकाकलं.

रानात पाणी उभं होतं. पीक नव्हतं; नुसती ढेकळं होती.

भरत अनवाणीच निघाला. पाटाशी त्याचे वडील, हौशीराम, फावड्यावर भार देऊन उभे होते. गुडघेदुखीमुळे गेल्या वर्षीच त्यांनी शेती सोडली होती.

"नाना, इथं काय भिजवताय?"

"आज आपली पाळी हाय न्हवं."

विहीर भावकीत सामाईक होती आणि प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली. जो हंगामभर पाळी घेणार नाही, त्याची पाळी बाकीच्यांत वाटली जाई. तसा रिवाजच होता. दिवाळीत भरतनेच वडिलांना बजावलं होतं : "पाळी सोडू नका. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. आलो की द्राक्षबाग लावू." ते वाक्य म्हातारा गुडघाभर चिखलात उभा राहून पाळत होता.

शेजारच्या बांधावरून चुलतभाऊ आदेश ओरडला, "भरतभाऊ, औंदा ढेकळं लावलीत व्हय? लई जोमात हायेत राव! काढणीला सांगा, नारायणगावच्या बाजाराला मीच घिऊन जातो!"

भरत ओशाळून हसला. आदेशच्या वाफ्यांतली कांद्याची नवी रोपं माना टाकून पडली होती.

"तुझा कांदा सुकतोय की."

"माझी पाळी परवा. तीबी लाईट टिकली तर."

"मग मागायचं पाणी."

"कसं मागू? नाना म्हणत्यात, भरत येणार हाय. येणाऱ्याची पाळी मागत न्हाईत, भाऊ."

शीला चहा घेऊन आली होती. पेला हातात देताना ती हळूच म्हणाली, "अहो, नाना दोन वर्षं म्हणतात. मला तसं कधी म्हणाला नव्हतात. आरोही तिथंच शिकेल म्हणालात."

भरतचं जायचं पक्कं होतं. या कामासाठी तो झुरला होता, त्यासाठीच त्याने रात्री जागवल्या होत्या, आणि कुणी दार अडवून उभं राहिलं असतं तरी तो गेला असता. निर्धाराची उणीव त्याच्यापाशी नव्हती. तो निर्धार वडिलांसमोर उच्चारण्याची मात्र त्याला भीती वाटत होती, म्हणून त्याने त्यावर दोन वर्षांचं पांघरूण घातलं होतं.

चहा तसाच ठेवून त्याने वडिलांच्या हातातून फावडं घेतलं. पडीक रानात पाणी सोडणारं पाटाचं दारं मातीने बुजवलं, पलीकडचा बांध फोडला. पाणी क्षणभर थबकलं आणि मग आदेशच्या वाफ्यांत शिरलं.

"आदेश, ही पाळी आजपासून तुझी. कायमची."

आदेशचं हसू मावळलं. तो नानांकडे बघू लागला.

"खुळा का काय तू?" हौशीराम म्हणाले. "आन माघारी आल्याव? बाग कशाच्या जिवावर लावशील?"

दोन वर्षांचं ते वाक्य भरतच्या ओठांशी आलं. त्याने ते गिळलं, फावडं खाली ठेवलं आणि वडिलांकडे सरळ पाहिलं.

"नाना, आम्ही इथं राहायला परत येणार नाही."