दोन तुकड्यांचा ठोकळा

माझ्या पोटात कातडीचे दोन तुकडे आहेत. डावा तांदळाच्या कणीएवढा, उजवा त्याहून केसभर मोठा. मित्रांनो, मी मेणाचा एक जुना ठोकळा आहे, प्रयोगशाळेच्या कपाटातला.

सहा वर्षांपूर्वी एका शिंपीणबाईंच्या गालावर गाठ आली. तिचा नमुना वितळलेल्या मेणात ठेवून मला घडवलं. माझे पापुद्र्यासारखे काप मोठ्या मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि लिहिलं: त्वचेतल्या बी-पेशींचा, म्हणजे रोगाशी लढणारी प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, कर्करोग. बाईंच्या गालावर किरणांचे उपचार झाले. "नमुना कसा सुरेख बसलाय!" असं माझं कौतुकही झालं. मग मी कपाटात धूळ खात पडलो.

यंदा मॅडमनी अशा जुन्या नमुन्यांतली प्रतिपिंडांची जनुकं वाचायला घेतली. प्रत्येक बी-पेशी आपलं जनुक तुकडे निवडून स्वतः जोडते आणि सांध्यात चार अक्षरं आपल्या मनाची घालते. कर्करोग म्हणजे एकाच पेशीची पिलावळ, म्हणून सगळ्यांत तेच जनुक. पण दोन माणसांत अक्षर न् अक्षर तेच? जवळजवळ अशक्य.

माझं जनुक शेजारच्या ठोकळ्याशी तंतोतंत जुळलं. तो एका म्हाताऱ्या सुताराच्या पाठीचा होता.

"मॅडम, हे कसं हो?" तंत्रज्ञ ताईंनी दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवले.

"पुन्हा कर."

तीनदा केलं. मग दोन्ही तुकडे वेगवेगळे तपासले, कोणता कोणाचा तेही जनुकांवरून पाहिलं. उजवा बाईंचा, त्यात नुसती सूज. रोग होता डाव्यात, आणि डावा सुतारबुवांचा! मला घडवलं त्या दिवशी त्यांचा नमुना ठेवलेल्या चिमट्यानेच, तो न पुसता, माझाही ठेवला होता. मित्रांनो, चिमटा पुसायला वेळ तो किती लागतो?

मी मेणाचा, मुळातच थिजलेला. तरी हे ऐकून नव्याने थिजलो. सहा वर्षं मी ज्या कौतुकावर फुशारलो, ते हे?

तीन आठवडे या नव्या तपासणीचा कागद मॅडमच्या खणात राहिला.

"मॅडम, त्या शिंपीणबाई तपासणीला आल्यात. बाहेर बसल्यात," एका सकाळी ताई म्हणाल्या.

"सही माझी आहे गं त्या निदानावर."

"आणि चिमटा माझ्या हातात होता."

मॅडमनी खणातला कागद काढला. मला मुठीत घट्ट धरून त्यांनी दार उघडलं. बाई धडपडत उठल्या.

"परत आलं का हो ते?"

"नाही. बसा तुम्ही. तुम्हाला हा आजार कधी झालाच नव्हता. चूक आमची होती."