गेणूआबांच्या पायाचा तक्ता

कोमलला कुठलंच काम वाईट करवत नसे, म्हणून ती बहुतेक कामं करतच नसे. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आली तरी खोड जाईना. मॅडम रागावल्या की मान खाली घालायची आणि म्हणायचं, उद्या.

कान्हे गावात प्रत्येक मुलीला एकेक घर वाटून दिलं होतं. घरच्यांना आजाराची माहिती सांगायची, तीही स्वतः काढलेल्या तक्त्यावरून. कोमलच्या वाट्याला गेणूआबा आले. जुनी शुगर आणि भातखाचरात अनवाणी वावर. पहिल्याच भेटीत तिला त्यांच्या डाव्या तळपायावर करवंदाएवढी जखम दिसली. आबा, आजच दवाखाना गाठा, एवढं तिथंच म्हणायचं होतं. पण तक्ता नव्हता, आणि अर्धवट सांगायला तिचं मन धजेना. तक्ता घेऊन येते, सगळं नीट समजावते, तोवर जखमेला काही करू नका, असं सांगून ती लोणावळ्याला होस्टेलवर परतली.

मग सुरू झाली चित्रकला. एकदा अंगठा वाकडा आला, कागद फाडला. एकदा लाल रंग भडक झाला. खोलीतल्या पिंकीनं एका संध्याकाळी तक्ता खरडला, त्यातले पाय कोंबडीचे दिसत होते, पण दुसऱ्या दिवशी ती आपल्याला वाटून दिलेल्या घरी जाऊन सांगून आली. कोमल तिला पोट धरून हसली. तेव्हाच कुणीतरी तिच्या कानाखाली वाजवायला हवी होती. आठवडे जात राहिले. आबांची आठवण आली की ती पुन्हा पेन्सिल तासायला घ्यायची.

अखेर मनासारखा तक्ता जमला, तो गुंडाळून ती कान्ह्याला गेली. दारात आबांची बायको रतनबाई तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघताच सांगितलं, की पाय काळा पडला, घोट्याच्या वर कापावा लागला.

"आमचा पोरगा निलेश रोज म्हनायचा, आबा, दवाखान्यात चला. ह्ये म्हनायचे, नर्सबाई येनार हाये, तिनं कायबी करू नका म्हनून सांगितलंय."

तक्ता पाठीमागे लपवून कोमल निघायला वळली, तोच आतून खाटेवरून आबांनी हाक मारली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेच तिला सोसवेना.

"आनलंयस तर दाव की, पोरी. दुसरा हाये अजून."

कोमलनं तक्ता उलगडला. त्यावर दोन्ही पाय होते, एकसारखे, देखणे. आबा बराच वेळ चित्रातल्या डाव्या पायाकडे बघत राहिले.