मागचं इंजिन

कोलफॅक्सच्या खानावळीत अंडी खाता खाता एमेट थोरल्या भावाला म्हणाला, "दादा, तुझ्या इंजिनाचं तेल चाकांवर गळतंय. दुरुस्त करून घे, मगच चढ."

"तू तुझं ताट बघ," लेलँडने त्याला उडवून लावलं. त्याच्या इंजिनाची केबिन सगळ्यांत पुढे, बॉयलर आणि धुराडं पाठीमागे. सिएराच्या डोंगरातल्या बोगद्यांतून तो स्वच्छ कॉलरने बाहेर पडे आणि त्याचा त्याला भारी तोरा. तो धूर जायचा कुठे, तर मालगाडीला शेपटाकडून रेटणाऱ्या इंजिनात. आज तिथे एमेट होता.

दुपारी लांब बोगद्यातल्या चढावर लेलँडची चाकं जागच्या जागी गरगरू लागली. वाळू सोडली तरी पकड येईना. गाडी थांबली. समोर चार हातांवर बोगद्याचं वरचं तोंड, तिथून गार वारा आत घुसत होता आणि सगळा धूर मागे लोटत होता.

लेलँडने तीन शिट्या दिल्या, म्हणजे मागे चला. उत्तर नाही. मागचा रेटा तेवढा जाणवत होता. मग तोही थांबला.

"संपले वाटतं तिकडे," बॉयलरची आग सांभाळणारा फायरमन ओटिस पुटपुटला.

"तोंड आवर. आग विझव, आपलाच धूर त्यांच्याकडे जातोय."

"वेडा झालास का? वाफ गेली की ब्रेकची हवा गेली. गाडी उतारावर सुटेल."

"आहे तेवढीत भागवतो. विझव म्हणतो ना."

ओटिसने आगीला जाणारं जळणाचं तेल बंद केलं. लेलँडने ब्रेक जरासा सोडला, धरला, पुन्हा सोडला. गाडी कण्हत मागे सरकू लागली. हवेचा काटा उतरत होता. शेपूट उजेडात गेलं असेल असा अंदाज बांधून त्याने ब्रेक गच्च आवळला आणि डब्यांच्या कडेने खाली धावत सुटला.

एमेट बर्फात आडवा पडला होता, तोंड काळं, नाकाशी ओला बोळा. शेजारी त्याचा फायरमन ओकत होता.

"शिटीला उत्तर का नाही दिलंस रे?"

"ऐकूच आली नाही," एमेट खोकत म्हणाला. "वाटलं, वर बर्फ कोसळून तुझी वाट बंद झाली. तुझ्यापुढे बॉयलर नाही की काही नाही. मी रेटत राहिलो असतो तर तुझा चुराडा झाला असता. म्हणून वाफ तोडली आणि खाली तोंड घालून पडून राहिलो."

लेलँड मटकन खाली बसला. इतकी वर्षं आपण चांगली हवा खात पुढे गेलो, मागे कोण बसलंय हे एकदाही वळून पाहिलं नाही, याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. भावाचं काळं डोकं मांडीवर घेऊन तो ढसाढसा रडला.