आदरणीय बदक

आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला नाव नसायचं, पाय असायचा. माझे वडील, नाना, मापाचे बूट शिवायचे. ज्यांच्या पायाला बाजारातला बूट चालत नाही अशा लोकांचे. कुणाचा अंगठा बाहेर पळालेला, कुणाचा एक पाय अर्ध्या इंचानं आखूड, कुणाचा तळवा पोळपाटासारखा सपाट. माणूस बाकावर बसला की नाना त्याचं पाऊल वहीच्या पानावर ठेवून घेत, कडेनं पेन्सिल फिरवत, मापं, फोन नंबर लिहीत आणि वर नाव घालत. हे नाव अर्थातच त्यांनी स्वतः ठेवलेलं. फताडे. घामट. बोटावर बोट. तुरतुरी. तोंडावर मात्र सगळे साहेब आणि बाई. नावं काय, दहा जणांचं एकच असतं, असं त्यांचं म्हणणं. पाय कुणाचा दुसऱ्यासारखा असतो का?

पुढे नानांचे हात थरथरायला लागले आणि शिवणकाम माझ्याकडे आलं. काम मला येत होतं, तारखा सांभाळणं येत नव्हतं. भिंतीवरच्या खिळ्याला चिठ्ठ्या टोचलेल्या असत. वारा आला की आमचा अर्धा धंदा जमिनीवर. एका वराला लग्नाचे बूट लग्नानंतर चार दिवसांनी मिळाले, तेव्हा मी स्मार्टफोन घेतला. त्यात दुकानदारांसाठीचं एक ॲप होतं. मापं, फोटो, कामाची तारीख, आदल्या दिवशी आठवण, गिऱ्हाइकाला आपोआप निरोप. खोटं कशाला बोलू, त्या फोननं दुकान वाचवलं. दोन महिन्यांत एकही बूट उशिरा गेला नाही आणि माझी मान चार इंच वर झाली.

मग मी वह्यांकडे वळले. चौदा जाड वह्या, त्यांतल्या तीन कसरीनं खाल्लेल्या. जुनी झालेली, सोडून गेलेली गिऱ्हाइकं वगळली तरी एकशे त्रेसष्ट पानं उरली. एकेका पानाचा फोटो काढला. ॲप विचारायचं, कडा छाटायच्या का? मी छाटायचे. पाऊल आणि आकडे तेवढे ठेवले. समासात नानांचं मुंगीच्या पायांसारखं अक्षर होतं, तिरपं, उभं, जागा मिळेल तसं. ते वाचायला वेळ कुणाला होता? सगळं फोनमध्ये गेल्यावर वह्या रद्दीत घातल्या.

नानांना तसं सांगितलं. ते रापीला, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराला, धार लावत होते. सगळं फोनमध्ये आलं ना, एवढंच विचारलं. सगळं, मी म्हटलं. मग दुकान आता तुझं आहे, असं म्हणून ते बराच वेळ धार असलेल्या रापीला धार लावत राहिले. मी तो होकार समजले. शहाण्या माणसाला होकार फार लवकर ऐकू येतो.

गोंधळ महिन्याभरानं झाला. टाचा तपासून घ्या, असा निरोप सगळ्यांना एकदम पाठवायचा बेत होता. ॲपनं विचारलं, नावासकट पाठवू का? नावासकट तर नावासकट, त्यात काय मोठंसं! हो म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले. पण वहीत खरं नाव कुणाचंच नव्हतं. जे होतं तेच मी फोनमध्ये भरलं होतं. चहाला उकळी यायच्या आत 'आदरणीय फताडे, आपल्या बुटांची टाच तपासण्याची वेळ झाली आहे' असे एकशे त्रेसष्ट निरोप गावभर पोचले होते.

फताडे बायकोला साक्षीला घेऊन आले. घामट अर्धवट शिवलेले बूट तसेच उचलून घेऊन गेले, ते पुन्हा दिसले नाहीत. तुरतुरी, म्हणजे दवाखान्यातली एक परिचारिका, फोनवर इतकी हसली की तिला बोलता येईना. नाना मात्र घरात बसले. चाळीस वर्षं ज्यांना साहेब म्हटलं त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं उभा राहू, असं म्हणून दोन दिवस दुकानात आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी माझ्या शाळेच्या हेडमास्तरांचा फोन आला. निवृत्त झाले तरी त्यांच्या आवाजानं मी उभी राहिले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोही तीनदा. "हा शब्द तुम्हाला कुणी सांगितला?" माफी मागायच्या आत फोन ठेवला. मी यादी पाहिली. आदरणीय बदक.

नानांच्या कानावर घातलं. ते उठले, धुतलेला सदरा घातला, म्हणाले, चल, घरी जाऊन माफी मागू.

हेडमास्तरांनी दार उघडलं, बसा म्हटलं आणि स्वतः उभेच राहिले. नाना मान खाली घालून, म्हणजे सवयीप्रमाणे त्यांच्या पायांकडे बघत, बोलले.

"सर, तुमच्या घरच्या बाईंनीच सांगितलं होतं. तुम्ही पहिल्यांदा माप द्यायला आलात, मधेच समोर पेपर घ्यायला गेलात. तेवढ्यात म्हणाल्या, आमच्या बदकाला टाच जरा रुंद द्या, जिना उतरताना डुलतं."

हेडमास्तर खाली बसले. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

"हे नाव फक्त तीच घ्यायची," ते म्हणाले. "घरात. दार लावलेलं असताना. तीन वर्षं झाली तिला जाऊन. परवा फोन वाजला आणि..." चष्मा पुन्हा घालून त्यांनी विचारलं, "आणखी काय म्हणायची ती?"

"दर वेळी काहीतरी सांगायच्या. मी समासात लिहून ठेवलंय," नाना म्हणाले, आणि पहिल्यांदाच अभिमानानं माझ्याकडे वळले. "सरांना पान दाखव."

मी फोन काढला. दाखवण्यावाचून इलाज नव्हता. पाऊल स्वच्छ, आकडे स्वच्छ, कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ. डाव्या कडेला तेवढी तीन अक्षरं राहून गेली होती, 'सांगू न'. नानांनी बोटानं चित्र बाजूला सरकवलं. ते परत जागेवर आलं. पुन्हा सरकवलं. उरलेलं पान काचेच्या पलीकडे असेल अशी त्यांची समजूत होती.

"बाकीचं कुठंय?"

"छाटलं, नाना."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. फोन त्यांनी हळूच माझ्या हातात दिला. मग हेडमास्तरांना मोजे काढायला सांगितले, जमिनीवर बसले आणि डावं पाऊल मांडीवर घेतलं. थरथरते हात टाचेवरून फिरले. डोळे मिटून ते पुन्हा पुन्हा टाच चाचपत राहिले.

"सांगू नका त्यांना," ते शेवटी म्हणाले. "निवृत्तीला नवे बूट द्यायचेत. तपकिरी करा. काळ्यात ते घरातसुद्धा हेडमास्तर दिसतात." डोळे उघडून म्हणाले, "मग त्या आल्याच नाहीत, सर."

हेडमास्तरांनी पाय काढून घेतला नाही. ते लहान मुलासारखे रडले आणि मीही रडले. मला दुसरं काही करायचा हक्कच नव्हता.

तपकिरी बूट मी शिवले. आणि फोनमध्ये रोज अकराची आठवण लावली, 'नाना, एक पाय.' एकेका गिऱ्हाइकाला बोलावून घ्यायचं, नानांनी पाऊल हातात धरायचं, त्यांना आठवेल ते मी टाइप करायचं. 'हिला पाऊस आवडतो, तळ जाड.' 'ह्याचा भाऊ त्याच मापाचा होता, विषय काढू नये.' 'नाचायची, आता सांगत नाही.' कधी पायाला हात लागताच आठवायचं, कधी तासभर बसूनही नाही, आणि मग ते गिऱ्हाइकाचीच माफी मागायचे. समास कोरा राहिला की दिवसभर त्यांना जेवण जात नसे. त्या दोन वर्षांत मी वडिलांना जितकं ओळखलं तितकं आधीच्या चाळीस वर्षांत नाही.

नाना गेले तेव्हा अठ्ठ्याण्णव पानांचे समास भरले होते. उरलेल्या पासष्टांपैकी एक बाई, ज्यांना बोलावूनही तेव्हा येणं जमलं नव्हतं, परवा दुकानात आल्या. बाकावर बसल्या, चप्पल काढली आणि जरा लाजत विचारलं, "सगळे सांगतात, नाना काय काय लिहून ठेवायचे म्हणून. माझ्याबद्दल काही लिहिलं होतं का हो?"

मी फोन उघडला. एक पाऊल होतं, आठ आकडे होते, उजवी टाच पाव इंच वर.

"होतं," मी म्हटलं. त्या वाट बघत राहिल्या.