देवघरातली चाबी

भाडं वेळेवर देणाऱ्याला कुणी उठवत नाही, अशी दीक्षाची समजूत होती. भाडं तर तिनं एकदाही चुकवलं नव्हतं. तिला अडकवलं ते वेगळ्याच गोष्टीनं, आणि त्या गोष्टीचा घरात इतकी वर्षं नुसता अभिमान होता.

अमरावतीत महादेवरावांच्या अंगणाला लागून, रस्त्याच्या तोंडाशी एक खोली होती. दीक्षा शाळेत होती तेव्हा तिच्या वडिलांनी, बुधाजींनी, त्या खोलीत पिठाची चक्की टाकली. कागद झाला नाही. महादेवराव म्हणाले, "कागद कायले पाह्यजे बुधाजी? तुमी पळून चालले का मी पळून चाललो?" त्या गल्लीत तोवर बौद्ध माणसाला जागा कुणी दिली नव्हती. त्यावर पहिल्याच संध्याकाळी महादेवरावांच्या बायकोनं, गोदाबाईंनी, हात पुढे केला. "चाबी घरी कायले नेता? माह्या देवघरात ठेवा. लक्ष्मी आहे ते."

तेव्हापासून रीत पडली. शटर ओढलं की चाबी गोदाबाईंच्या हातात, सकाळी पूजा आटोपली की त्यांच्याच हातून परत, सोबत साखरेची चिमूट. ज्या गल्लीत आपल्या बापाच्या ओंजळीत पाणी वरून ओतत, तिथल्या देवांशेजारी आपली चाबी झोपते, हे बुधाजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पाहुणा नवा असेल तर दोनदा सांगत.

बुधाजींचे गुडघे गेले तशी चक्की दीक्षाकडे आली. गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावणं, पट्टा बदलणं, भांडखोर बायकांचे डबे ओळीनं लावणं, सगळं तिनं अंगावर घेतलं. चाबीची रीत तीच राहिली. मग महादेवराव गेले. मुलगा नितेश अकोल्याहून आला, आईला घेऊन गेला, घराला कुलूप घातलं. त्याला सगळं विकायचं होतं, तेही रिकामं करून. दीक्षा हलेना, तसा त्यानं दावा लावला. बाबांनी यांना नुसतं बसू दिलं होतं. बाबा गेले, बसणं संपलं.

दीक्षा हसत हसतच वकिलाकडे गेली. वकील दामिनी बोंद्रे मात्र हसल्या नाहीत.

"हे बघा, भाडेपट्टा असेल तर त्या जागेतच तुमचा हक्क तयार होतो," त्या म्हणाल्या. "मालक मरो, नाहीतर जागा विकली जावो, हक्क जागेला चिकटून राहतो. नुसती परवानगी असेल, तर तो दोन माणसांतला शब्द. माणूस गेला की शब्दही गेला. तुमच्याकडे कागद नाही, म्हणून कोर्ट विचारेल, ताबा कुणाचा होता? चाबी कुणाकडे असायची? चाबी मालकाकडे असेल, तर ताबाही त्याचाच धरतात."

दीक्षानं सांगितलं. दामिनीताईंनी पेन खाली ठेवलं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"बाबानं सगळ्या अमरावतीले सांगून ठेवलं आहे, मॅडम."

आता वाचवलं तर गोदाबाईच वाचवतील, असं दामिनीताईंचं म्हणणं पडलं. त्यांनी एवढंच सांगायचं, की हे लोक परके, भाडेकरू. चाबी त्यांची, मी फक्त सांभाळत होते. घरच्या माणसाला बसू देतात ती परवानगी, परक्याकडून भाडं घेतात तो भाडेपट्टा.

बुधाजींनी ते ऐकलं आणि कूस बदलली. "तिले म्हनाव, आमाले परके म्हन? तिनं परकं मानलं नाही म्हनून तं आपन तिथं उभे राहिलो, पोरी." इकडे आड, तिकडे विहीर. आणि चक्कीचा दगड तर जमिनीत रोवलेला, तो कुठंच जाणार नव्हता.

तरीही दीक्षा अकोल्याला गेली. नितेश कामावर होता. तिसऱ्या मजल्यावर, सामायिक गॅलरीकडच्या खिडकीत, गजांमागे, गोदाबाई खालच्या गाड्या बघत बसल्या होत्या. तिला पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"मले खाली जाऊ देत नाही," त्यांनी तक्रार केली. "दाराची चाबी नितेश सोबत नेते. पडशीन म्हनते. तुह्या चक्कीचा आवाज नाही येत इथं, दीक्षे. झोप नाही लागत."

दीक्षानं दाव्याचं सांगितलं. म्हातारी ताठ झाली. "येतो मी कोर्टात. कोन काढते तुमाले, पाहतोच."

"मोठीमाय, काय सांगशीन तू तिथं?"

"खरं ते सांगीन."

बसमध्ये दीक्षानं वाक्य घोकलं होतं. *आमी परके होतो, एवढंच म्हन.* तिनं तोंड उघडलं. गोदाबाईंनी तोवर डब्यातली साखर काढून गजांतून तिच्या तळहातावर ठेवली होती. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. दीक्षानं साखर खाल्ली, गजांबाहेरूनच पाया पडली आणि परत आली. स्वतःची इतकी चीड तिला कधीच आली नव्हती.

दामिनीताईंच्या अर्जावरून कोर्टाचं समन्स गेलं, तेव्हा आईला नितेशलाच घेऊन यावं लागलं. साक्षीच्या पिंजऱ्यात गोदाबाई धीटपणे उभ्या राहिल्या. भाडं यायचं का, दामिनीताईंनी विचारलं. महिन्याच्या महिन्याला यायचं. दीक्षाचा श्वास जरा मोकळा झाला. मग नितेशचा वकील उठला. त्याचा आवाज फार गोड होता.

"आजी, चाबी कुठं असायची?"

"माह्या देवघरात."

"म्हणजे सकाळी तुम्ही द्याल तेव्हाच यांची चक्की उघडायची?"

"हाव. मीच देत होतो."

"मग हे तुमचे भाडेकरू होते, की...?"

गोदाबाईंना राग आला. आपल्या माणसाला कुणी हलकं बोललं की यावा तसाच. "भाडेकरू कायचे बाप्पा? परक्याची चाबी कोनी देवात ठेवते का? घरचे लोक होत ते. लेक आहे ते माही."

वकील खाली बसला. त्याला आणखी काही विचारायचंच नव्हतं. न्यायाधीश साहेबांनी वाक्य सावकाश सांगितलं, टंकलेखकानं उतरवून घेतलं. दामिनीताईंनी फाईल मिटली.

बाहेर पडवीत गोदाबाईंनी दीक्षाच्या गालावरून हात फिरवला. मागे गाडीची चाबी फिरवत नितेश उभा होता. "सांगितलं ना मी बराबर?" गोदाबाईंनी विचारलं.

"हाव, मोठीमाय," दीक्षा म्हणाली. "बराबर सांगितलं."

घरी बुधाजी दारातच बसले होते.

"काय म्हनली ते?"

"म्हनली, घरचे लोक होत. मले लेक म्हनली."

"कोर्टात? सगळ्याइच्या समोर?"

"हाव."

"साहेबानं लिहून घेतलं?"

"घेतलं, बाबा."

बुधाजींनी उपरण्यानं डोळे पुसले.

"दगड काढाले चार मानसं लागतीन," ते म्हणाले. "पाहून ठेव."